कापसाच्या धुळीचा दमा व रक्ताची तपासणी

आपल्या वर्धा जिल्ह्याचा कापूस हिंगणघाट, आर्वी, पुलगाव या भागांतील जिनांत सरकीपासून वेगळा होतो. वेचणीत त्याबरोबर पाचोळाही येतो. त्यावर वाढणाऱ्या सूक्ष्म जंतूंचे विष धुळीवाटे मजुराच्या छातीत शिरते. आरंभी सुटीनंतर कामाच्या पहिल्या दिवशीच छाती आवळते. वर्षानुवर्षे तेच चालल्यास धाप कायमची जडते. या रोगास बिसिनोसिस म्हणतात. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील व्यावसायिक रोगांच्या यादीत तो समाविष्ट होता.

जडलेली धाप मधूनमधून एकाएकी उफाळते व कर्ता माणूस अंथरुणास खिळतो. याची सूचना रक्तावरून आधी मिळेल काय, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. डेन्मार्कमधील कोपनहेगन येथील संशोधन २०१३ साली प्रसिद्ध झाले. त्यात श्वासनलिका कायमच्या आकुंचित झालेल्या ६,५७४ लोकांचा विचार केला होता. सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, फायब्रिनोजेन व पांढऱ्या पेशी ही तिन्ही ज्यांच्या रक्तात वाढलेली होती, त्यांची धाप पुढे उफाळण्याचा संभव अधिक आढळला. मात्र ते सर्वसाधारण रहिवासी होते, कापसाचे मजूर नव्हेत. शिवाय साध्या तापानेही सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन वाढते, आणि इओसिनोफिल नावाच्या ज्या पांढऱ्या पेशी पाहून डॉक्टर औषध ठरवितात, त्या पोटातील जंतांमुळेही वाढतात.

यास्तव रक्ताचा आकडा हा नजरअंदाज पैसेवारीसारखा समजावा. तिच्यावरून पिकाची कल्पना येते, पण ती म्हणजे कोठारातील धान्य नव्हे. गेल्या वर्षी धाप किती वेळा उफाळली, ही गणतीच आजवर सर्वांत भरवशाची खूण ठरली आहे. ती ठेवण्यास वही व पेन्सिल पुरे.

म्हणून आमची सूचना अशी: घरचा वा शेतावरचा कोणी जिनात जात असल्यास त्याच्या धापेच्या तारखा, कामाचे दिवस व घेतलेले औषध लिहून ठेवावे. हंगामापूर्वी त्यास सेवाग्राम वा सावंगी येथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेऊन वही दाखवावी. रक्त तपासावयाचे की नाही ते डॉक्टरांनी ठरवावे. अहवाल चांगला आला म्हणून औषध सोडू नये, की धुळीत बेफिकीर राहू नये.

आणि वेचणी स्वच्छ करावी. पाचोळा कमी तर धूळ कमी. कापसास भावही बरा मिळतो, व दुसऱ्याच्या छातीचे रक्षण होते.