नळाचे पाणी उलटे फिरते तेव्हा

नळाला जोडलेली रबरी नळी बादलीत बुडवून ठेवू नका, असे सांगितले तर तुम्ही म्हणाल, 'पाणी तर नळातून बादलीत येते, ते उलटे कसे जाईल?'

पाणी जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाते. समजा, नळ उघडा आहे आणि जलवाहिनीतील दाब वातावरणाच्या दाबापेक्षा बराच कमी झाला. मग बादलीतील पाण्यावर दाब देणारी हवाच ते पाणी नळीतून वर, थेट वाहिनीत ढकलते.

१९६९ साली अमेरिकेतील होली क्रॉस कॉलेजात असेच घडले. जवळच आग लागली. ती विझवण्यासाठी पुष्कळ पाणी ओढले गेल्याने वाहिनीतील दाब घसरला आणि मैदानावरील नळांच्या खड्ड्यांत साचलेले दूषित पाणी वाहिनीत शिरले. फुटबॉल संघातील ९७ पैकी ९० जणांना संसर्गजन्य काविळीची लागण झाली.

आपल्याकडे अनेक गावांत पाणी ठरावीक वेळीच येते. पुरवठा बंद होऊन वाहिनी रिकामी होताना असा कमी दाब निर्माण होऊ शकतो. वाहिनीलाच पंप जोडला तरी तोच धोका.

उपाय सोपा आहे. नळाचे तोंड आणि पाण्याची सर्वांत वरची पातळी यांत नळाच्या व्यासाच्या निदान दुप्पट अंतर ठेवा. मग ओढली गेली तर हवाच ओढली जाईल, पाणी नव्हे. जेथे असे अंतर ठेवता येत नाही, तेथे पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपा बसवतात.

आज घरची आणि शाळेची टाकी पाहा. तिच्यात पाणी सोडणाऱ्या नळाचे तोंड बुडालेले तर नाही ना?