जुने जर्मन कॅमेरे : शौक, पारख आणि व्यवहार

कपड्याच्या धंद्यात उधारी वसूल करताना कधी कधी पैशाऐवजी वस्तू पदरात पडते. काही वर्षांपूर्वी माझ्या ओळखीच्या एका होलसेल व्यापाऱ्याने साठ हजारांच्या बाकीपोटी एक सोनेरी ‘लायका’ कॅमेरा घेतला. त्यावर जुन्या जर्मन सैन्याचे चिन्ह कोरलेले होते, अंगावर लाल कातडे होते. लाखाचा माल मिळाला या खुशीत त्याने समोरच्याचे खाते बंद केले. पुढे एका जाणकाराने लेन्स काढून आत पाहिले, तेव्हा तो सोव्हिएत बनावटीचा ‘झोर्की’ निघाला. खाते आपल्याच हाताने बंद केलेले, त्यामुळे मागायला तोंड उरले नाही.

मुंबईच्या मटन स्ट्रीटवर, बंद पडलेल्या स्टुडिओंच्या सामानात आणि जुन्या घरांच्या पेट्यांत आजही जर्मन कॅमेरे निघतात. विकणारा आणि घेणारा दोघेही पुष्कळदा अंदाजाने बोलतात. ज्यांना शौक आहे आणि ज्यांना व्यवहार करायचा आहे, त्या दोघांसाठी ही थोडी माहिती.

तीन शहरांचे कसब

पहिले शहर वेत्झलार. येथे लाइट्झ यांचा सूक्ष्मदर्शक बनविण्याचा कारखाना होता. 1911 साली तेथे ओस्कार बार्नाक नावाचा कारागीर रुजू झाला. त्या काळी फोटोग्राफर काचेच्या प्लेटा आणि जड पेटीवजा कॅमेरे वागवीत. बार्नाकने सिनेमाची 35 मिलिमीटरची फिल्म आडवी वापरून 24 बाय 36 मिलिमीटरच्या चौकटीचा, खिशात मावणारा कॅमेरा 1914 पर्यंत तयार केला. महायुद्धामुळे तो मागे पडला आणि 1925 च्या लाइपझिग जत्रेत ‘लायका’ या नावाने लोकांपुढे आला. लाइट्झ आणि कॅमेरा या दोन शब्दांतून हे नाव झाले. 1932 मध्ये अंतर मोजणारा रेंजफाइंडर कॅमेऱ्यातच बसविला गेला. 1954 मध्ये ‘एम 3’ हे मॉडेल निघाले. त्याची लेन्स आटे फिरवून लावावी लागत नाही, थोडी वळवली की बसते.

दुसरे शहर ड्रेस्डेन. चार कारखाने एकत्र येऊन 1926 साली झाइस इकॉन ही कंपनी झाली. तिने 1932 मध्ये लायकाशी टक्कर देण्यासाठी ‘कॉन्टॅक्स’ काढला. याच शहरातील इहागे कंपनीचा ‘किने एक्झाक्टा’ 1936 चा. ज्या लेन्समधून फोटो निघतो तिच्यातूनच दृश्य पाहावयाचे, ही 35 मिलिमीटरच्या कॅमेऱ्यातील सोय तेव्हा नवी होती.

तिसरे शहर ब्राउनश्वाइग. फ्रांके आणि हायडेके यांनी येथे 1929 मध्ये ‘रोलायफ्लेक्स’ बाजारात आणला. त्याला वर-खाली दोन लेन्स असतात. वरची पाहण्यासाठी, खालची फोटोसाठी. आपल्या देशातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांच्या हातात हा कॅमेरा असे.

पडदा आधी तपासा

कॅमेऱ्याचे मोल बाहेरच्या चकाकीवर नसते. कपड्याचा व्यापारी थान उलगडून उजेडापुढे धरतो, तसेच येथे करावे लागते. लायकाच्या आत फिल्मपुढे रबर चढविलेल्या कापडाचा पडदा असतो. बटण दाबताच तो आडवा सरकतो. लेन्सवर झाकण न लावता कॅमेरा उन्हात ठेवला, तर लेन्स भिंगासारखी उन्हाचा ठिपका पडद्यावर पाडते आणि कापड जळते. म्हाताऱ्या रबराला चिराही पडतात. ‘एम 3’ सारख्या, पाठ उघडणाऱ्या मॉडेलमध्ये लेन्स काढून एका बाजूने बॅटरीचा उजेड टाकावा. भोके असतील तर लगेच दिसतात. जुन्या लायकांची पाठ उघडत नाही, तेथे एक रोल काढून पाहणेच बरे.

कॉन्टॅक्सचा पडदा धातूच्या पट्ट्यांचा असून वरून खाली उतरतो. मात्र त्या पट्ट्या रेशमी फितींवर लटकलेल्या असतात. धातू टिकतो, रेशीम तुटते, आणि फीत बदलणारा हात मिळणे सोपे नाही. रोलायफ्लेक्समध्ये पडदा नसून लेन्सच्या मधोमध बारीक पात्यांचे ‘कॉम्पूर’ शटर असते. त्याला एक सेकंदावर लावून कान द्यावा. पूर्ण सेकंदाची घरघर ऐकू आली तर ठीक. मध्येच अडकले तर आतले तेल घट्ट झाले आहे असे समजावे आणि सफाईचा खर्च किमतीतून वजा धरावा.

अस्सल आणि नक्कल

सोव्हिएत संघात 1934 पासून खारकोव्ह येथे ‘फेड’ आणि 1948 पासून ‘झोर्की’ हे लायकाच्या धर्तीचे कॅमेरे लाखोंनी तयार झाले. स्वतःच्या नावाने ते स्वस्त आणि कामाचे आहेत. लबाडी पुढे झाली. त्यांवरील नाव घासून लायकाचे नाव, सैन्याचे चिन्ह आणि नंबर कोरले गेले, सोनेरी मुलामा चढविला गेला. लाइट्झने खरोखर सोनेरी लायका बनविले होते, पण फार थोडे. म्हणून सोनेरी लायका समोर आला की आधी संशय घ्यावा.

एक सोपी कसोटी आहे. लेन्स काढल्यावर आत वरच्या बाजूला एक छोटी दांडी दिसते. तीच लेन्सची हालचाल रेंजफाइंडरला कळविते. अस्सल लायकात तिच्या टोकाला बारीक गोल चाक असते. फेड आणि झोर्कीत सहसा पाचरीसारखी चपटी जीभ असते. माझ्या परिचिताचा भ्रम या एका जिभेने दूर केला. कॉन्टॅक्सची गोष्ट निराळी. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याची यंत्रे आणि सुटे भाग सोव्हिएत संघात गेले आणि तेथे ‘कीव्ह’ कॅमेरा बनू लागला. तो कॉन्टॅक्सचा सख्खा भाऊच, पण भाव एक नव्हे.

भाव कशाने ठरतो?

जुने म्हणजे महाग, हा गैरसमज आहे. ‘एम 3’ दोन लाखांहून अधिक बनले, तरी मागणी असल्याने भाव टिकून आहे. त्यातही चंदेरी मॉडेल पुष्कळ, काळ्या रंगाचे मोजके. म्हणूनच चंदेरीला काळा रंग देऊन विकणारेही आहेत. उलट आपल्याकडे घरोघरी असलेला ‘आग्फा क्लिक थ्री’ नावाने जर्मन असला तरी भारतात बनलेला साधा कॅमेरा आहे. आठवण म्हणून तो जपावा, कमाईची आशा धरू नये.

जून 2022 मध्ये वेत्झलार येथील लिलावात बार्नाकने स्वतः वापरलेला, 1923 च्या चाचणी मालिकेतील 105 नंबरचा लायका 1 कोटी 44 लाख युरोंना गेला. ही बातमी ऐकून अनेकांनी कपाटे उघडली. परंतु त्या मालिकेचे कॅमेरे दोन डझनांच्या आसपासच बनले होते. आपल्या हाती येणाऱ्या मालाचा हिशेब त्यावरून करू नये. मूळ भाग, मूळ रंग, चालू यंत्र, स्वच्छ लेन्स आणि जुने बिल, या पाच गोष्टींवर भाव चढतो-उतरतो. परदेशातून मागवायचा असेल तर कस्टम ड्युटी आणि वाहतूक आधी जोडून पाहावी.

बुरशी हा मोठा शत्रू

मुंबई-कोकणच्या दमट हवेत लेन्सवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. आरपार बॅटरी मारली की ती दिसते. लवकर सापडली तर पुसली जाते, उशीर झाला तर काच कोरली जाते. चामड्याची केस ओल धरून ठेवते, म्हणून कॅमेरा केसमध्ये बंद करून वर्षानुवर्षे ठेवू नये. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावा, महिन्यातून एकदा काढून शटर दहा-वीस वेळा चालवावे. खोबरेल किंवा शिलाई मशीनचे तेल मात्र चुकूनही घालू नये. ते पसरून पात्यांवर आणि काचेवर येते.

कारागिरांसाठी संधी

कॉम्पूर शटरमधील दातेरी चक्रे घड्याळासारखीच चालतात. आपल्याकडे घड्याळ दुरुस्तीचे उस्ताद आहेत, पण क्वार्ट्झ घड्याळांनी त्यांचे काम कमी केले. 35 मिलिमीटरची आणि 120 नंबरची फिल्म आजही तयार होते, तरुण मंडळी पुन्हा ती वापरतात, आणि दुरुस्त करणारे थोडे आहेत. शिकायचे असेल तर लायकावर हात टाकू नये. ‘आग्फा इझोलेट’ सारखा घडीचा स्वस्त कॅमेरा घ्यावा. त्याचे ग्रीस हिरवे होऊन दगडासारखे घट्ट झालेले असते, भात्याला भोके असतात. तो नीट करता आला की हात बसला असे समजावे. भाता बनविणे हे तर चामडे आणि कापड जाणणाऱ्याचेच काम आहे.

व्यवहाराची एक सूचना. बिलावर मॉडेल आणि नंबर लिहावा, त्याखाली मालातील ऐबही लिहावेत : पडदा फाटका, लेन्सला बुरशी, रंग नवा. गिऱ्हाईक थोडे कमी देईल, पण पुन्हा येईल.

माझ्या परिचिताने तो सोनेरी कॅमेरा अजून ठेवला आहे. एकाने चाळीस हजारांना मागितला होता, लायका म्हणूनच. त्याने दिला नाही. दुकानात गल्ल्याच्या मागे तो कॅमेरा असतो आणि त्याखाली चिठ्ठी आहे : “हा झोर्की आहे.”