लकव्याची तीव्रता आकड्यात कशी मोजतात? जत, पाटणमधल्या नातेवाइकांना हा आकडा का कळायला हवा?

समजा, जत तालुक्यातल्या एखाद्या गावात सकाळी सात वाजता चहा घेताना ६२ वर्षांच्या शेतकऱ्याच्या उजव्या हातातून कप निसटतो. तोंड वाकडे होते, शब्द फुटत नाहीत. ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणत कोणी मालीश सुरू करते, कोणाला शेजारच्या गावातले ‘लकव्याचे औषध’ आठवते. मिरज-सांगली तिथून सुमारे ८० किलोमीटर. उपचाराचे घड्याळ कप निसटला तेव्हाच सुरू झालेले असते.

रुग्णालयात पोहोचल्यावर कॅज्युअल्टीतले डॉक्टर विचारतात, ‘बाबा, महिना कोणता चालू आहे? वय किती तुमचं? डोळे मिटा. हात वर धरून ठेवा.’ बाहेर नातेवाइकांची चुळबूळ सुरू होते : इंजेक्शन द्यायचे सोडून प्रश्न काय विचारत बसलेत? पण हे प्रश्न म्हणजेच मोजमाप आहे. त्यातून येणारा आकडा पुढच्या तासाभराचे बरेच निर्णय ठरवतो.

नेमके काय मोजतात?

जगभर सर्वाधिक वापरली जाणारी मोजपट्टी म्हणजे ‘एनआयएच स्ट्रोक स्केल’. ती अमेरिकेत तयार झाली आणि १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली. शुद्ध, नजर, चेहरा, हातपाय, संवेदना, भाषा, उच्चार अशा बाबींना गुण दिले जातात. परीक्षेच्या उलट इथे शून्य गुण सर्वांत चांगले आणि ४२ सर्वांत वाईट. हात दहा सेकंद वर राहिला तर शून्य, खाली येऊ लागला तर एक, अजिबात हलला नाही तर चार. पायासाठी पाच सेकंद. सरावलेल्या डॉक्टरला पाच-दहा मिनिटे लागतात आणि कोणतेही यंत्र लागत नाही.

वरच्या उदाहरणातल्या शेतकऱ्याला महिना आणि वय दोन्ही सांगता आले नाही, म्हणून २. चेहऱ्याचे २, उजव्या हाताचे ३, पायाचे २, भाषेचे २, अडखळत्या उच्चाराचा १. बेरीज १२. साधारणपणे १ ते ४ सौम्य, ५ ते १५ मध्यम, १६ ते २० मध्यम ते तीव्र आणि २१ पासून पुढे तीव्र पक्षाघात मानला जातो.

आकड्याचा खरा फायदा फोनवर कळतो. ‘पेशंट सिरीयस आहे, पाठवतोय’ या वाक्यातून कऱ्हाड, मिरज किंवा पुण्याच्या डॉक्टरला काहीच समजत नाही. ‘सात वाजता सुरुवात, साडेआठला १२, आता १६’ यातून रुग्ण खालावतोय हे लगेच समजते.

आकडा आला की लगेच इंजेक्शन?

नाही. पक्षाघात रक्ताच्या गुठळीमुळे झाला की मेंदूत रक्तस्राव झाल्यामुळे, हे आकडा सांगू शकत नाही. दोन्हींत १२ येऊ शकतात आणि दोन्हींचे उपचार उलटे आहेत. त्यामुळे सीटी स्कॅन लागतोच. बोटातून थेंब घेऊन साखरही तपासतात, कारण साखर खूप उतरली तरी लकव्यासारखीच लक्षणे दिसतात. याच कारणासाठी घरातली ॲस्पिरिन स्कॅनआधी देऊ नये.

गुठळी असेल तर ती विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. या उपचाराचा पाया घालणारी अमेरिकेतली चाचणी १९९५ ची, ६२४ रुग्णांवरची. त्यात तीन तासांच्या आत इंजेक्शन मिळालेल्यांपैकी तीन महिन्यांनंतर जवळपास पूर्ण सावरणाऱ्यांची शक्यता किमान ३० टक्क्यांनी जास्त होती. पण लक्षणे बिघडवणारा मेंदूतला रक्तस्राव ६.४ टक्के रुग्णांत झाला, औषध न मिळालेल्यांत ०.६ टक्के. संमतीपत्रावर सही मागतात ती या धोक्यासाठी. आकडा जितका मोठा तितका हा धोकाही वाढतो, हे नातेवाइकांना त्याच वेळी सांगितले गेले पाहिजे.

जवळचे रुग्णालय की थेट पुणे?

सातारा-सांगलीत हा प्रश्न सर्वांत अवघड आहे. पाटणहून कऱ्हाड सुमारे ४० किलोमीटर, साताऱ्याहून पुणे सुमारे ११० आणि मध्ये खंबाटकी घाट. महाबळेश्वरहून खाली यायचे तर घाटरस्त्यानेच. मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर नळी घालून गुठळी ओढून काढण्याची सोय लागते. ती एरवी सहा तासांच्या आत आणि निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत करता येते, पण प्रत्येक ठिकाणी नसते.

रुग्णवाहिकेतच अंदाज यावा म्हणून छोट्या मोजपट्ट्या आल्या. ‘फास्ट’मध्ये चेहरा, हात, बोलणे आणि वेळ. ‘बी-फास्ट’मध्ये त्यात तोल आणि नजर यांची भर. स्पेनच्या कॅटालोनियात तयार झालेल्या ‘रेस’ पट्टीत ० ते ९ गुण असतात. पाच किंवा जास्त आले तर मोठी वाहिनी बंद असण्याची शंका. २०१४ पासून सुरू असलेल्या राज्याच्या १०८ सेवेत गाडीत डॉक्टर असतो, त्यामुळे असे मोजमाप वाटेतच करणे इथे अवघड जाऊ नये.

जास्त गुण आलेल्यांना थेट मोठ्या केंद्रात न्यावे का? कॅटालोनियातच शहराबाहेरच्या भागात ही चाचणी झाली. २०२२ मध्ये निष्कर्ष आले : थेट लांब नेलेल्या आणि आधी जवळच्या स्ट्रोक केंद्रात नेलेल्या रुग्णांत तीन महिन्यांनंतर फरक आढळला नाही. पण तिथली ‘जवळची’ केंद्रे इंजेक्शन पटापट देणारी होती. आपल्याकडे हा निष्कर्ष लावायचा तर जवळच्या रुग्णालयात आता, या क्षणी सीटी सुरू आहे का आणि इंजेक्शन आहे का, हे आधी कळायला हवे. नसेल, तर तिथे थांबून गेलेला तास वायाच.

आकडा कुठे फसतो?

बऱ्याच ठिकाणी. ४२ पैकी ७ गुण भाषेशी जोडलेले आहेत, तर एका बाजूचे भानच हरपण्याला जास्तीत जास्त २. बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या भागात असते. त्यामुळे उजव्या भागात तेवढेच नुकसान झाले तरी आकडा कमी येतो. मेंदूच्या मागच्या भागातल्या पक्षाघातात चक्कर, उलटी, तोल जाणे एवढेच दिसते आणि गुण शून्यही येऊ शकतात. असा रुग्ण ‘पित्त झालंय’ म्हणून घरी परत जातो.

मग भाषेचा प्रश्न. मूळ चाचणीत एक चित्र दाखवतात : भांडी पुसणारी बाई, तुंबून वाहणारे सिंक, स्टुलावर चढून बिस्किटे काढणारा मुलगा. नावे सांगायच्या चित्रांत हातमोजा, पीस, निवडुंग आणि दोन टोकांना टांगलेली झोळी. आटपाडीच्या माणसाला निवडुंग ओळखायला अडचण नाही. पण त्या झोळीला तो ‘पाळणा’ म्हणाला तर चूक धरायची का? महिना विचारल्यावर आजी ‘आषाढ’ म्हणाली, आणि आषाढच चालू असेल, तर उत्तर बरोबर आहे. डॉक्टरला पंचांग माहीत हवे. वयाचेही तसेच. आधार कार्डावरची जन्मतारीख अंदाजे टाकलेली असेल तर आजीचे ‘सत्तरच्या पुढं’ हा आजार नव्हे. अशा वेळी ‘आधी कशा बोलायच्या?’ हे घरच्यांना विचारणे पट्टीइतकेच महत्त्वाचे ठरते.

लहान आकडा म्हणजे लहान नुकसान, असेही नाही. विट्यातल्या यंत्रमाग कामगाराच्या किंवा तासगावात द्राक्षाची छाटणी करणाऱ्याच्या उजव्या हातात अशक्तपणा उरला तर गुण एक-दोनच, पण रोजगार गेला. म्हणूनच लक्षण अपंगत्व आणणारे असेल तर गुण कमी असूनही इंजेक्शनचा विचार करावा, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. हे डॉक्टरला कळायचे तर रुग्ण काय काम करतो ते कोणीतरी सांगावे लागते.

घरच्यांनी काय सांगायचे?

पहिली गोष्ट वेळ. लक्षण ‘दिसले कधी’ हे नव्हे, तर माणूस ‘शेवटचा ठणठणीत कधी होता’ ते. रात्री दहाला बोलून झोपला आणि पहाटे पाचला हात उचलेना, तर घड्याळ दहापासून धरले जाते. काही केंद्रांत एमआरआयवरून अशा रुग्णांनाही इंजेक्शन देता येईल का ते पाहतात, म्हणून ‘उशीर झाला’ असे घरीच ठरवू नये. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या सुरू असतील तर त्यांची पाकिटे सोबत न्यावीत. आणि ज्याने रुग्णाला शेवटचे ठीक पाहिले तोच गाडीत बसलेला बरा. तो घरी राहिला, तर निदान त्याचा फोन लागला पाहिजे.