मँटूची गाठ आणि टी-पेशींचे इंधन

वर्गातल्या मुलांना आपापला डावा दंड पाहायला सांगावे. बहुतेकांच्या दंडावर बीसीजी लसीचा बारीक व्रण दिसेल. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या दाट वस्तीत क्षयरोगाचे नाव कुणाला नवे नाही. घरात रुग्ण आढळला, की मुलांची मँटू चाचणी करतात हेही काहींना ठाऊक असेल. हाताच्या त्वचेत क्षयजंतूंची प्रथिने टोचतात आणि ४८ ते ७२ तासांनी उठलेल्या कठीण गाठीचा व्यास मोजतात. ही गाठ म्हणजे दाह. क्षयजंतूंची किंवा बीसीजीची पूर्वओळख असलेल्या टी-पेशी तेथे जमून तो घडवून आणतात. त्यासाठी लागणारे बळ त्या कोठून आणतात?

एरवी टी-पेशी काटकसरीने जगते. थोडे ग्लुकोज, थोडी मेदाम्ले तंतुकणिकांत पूर्ण जाळून ती ऊर्जा मिळवते. ग्लुकोजच्या एका रेणूपासून अशा रीतीने एटीपीचे सुमारे ३० रेणू मिळतात. शत्रूची ओळख पटताच मात्र तिचा आहार बदलतो. ती भराभर ग्लुकोज ओढून घेते आणि त्यातील बरेचसे अर्धवट विघटित करून लॅक्टिक आम्लाच्या रूपात बाहेर टाकते. या मार्गाने एटीपीचे अवघे २ रेणू मिळतात. जोरात धावताना आपल्या स्नायूंतही असेच घडते. पण टी-पेशी ऑक्सिजन भरपूर असतानाही हेच करते.

ही उधळपट्टी नव्हे काय? लाकडाचे उदाहरण घेऊ. सगळे लाकूड चुलीत घातले तर उष्णता भरपूर मिळेल, पण घराला वासे उरणार नाहीत. जागी झालेली टी-पेशी दिवसातून दोन-तीनदा दुभागू शकते. प्रत्येक नव्या पेशीला डीएनए, प्रथिने आणि पटले लागतात. अर्धवट विघटित ग्लुकोजमधील कार्बन त्या बांधकामाला उपयोगी पडतो.

आणखी एक गंमत २०१३ मध्ये उजेडात आली. ग्लुकोज-विघटनातले एक विकर रिकामे असले, की इंटरफेरॉन-गॅमाच्या संदेशवाहक आरएनएला चिकटून बसते आणि हे दाहकारक प्रथिन बनू देत नाही. ग्लुकोज येऊ लागले, की विकर आपल्या कामाला लागते आणि संदेश मोकळा होतो. म्हणजे इंधन आहे याची खात्री पटल्यावरच पेशी शस्त्र उपसते!

लढाई संपल्यावर उरलेल्या स्मृतिपेशी पुन्हा काटकसरीकडे वळतात. दाह आवरणाऱ्या नियामक टी-पेशींचा भरही मेदाम्लांवर अधिक असतो. या पेशींवरील संशोधनाला २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दाह आवरला नाही तर आमवातासारखे विकार जडतात. त्यावरील लेफ्लुनोमाइड हे औषध डीएनएचे घटक बनवणारे एक विकर अडवते. बांधकामाचे सामानच तुटल्यामुळे टी-पेशींची वाढ मंदावते.

मग साखर खाल्ल्याने प्रतिकारशक्ती वाढेल काय, असे मुले विचारतील. नाही, रक्तातील ग्लुकोज शरीर स्वतःच ठरावीक पातळीवर राखते. पण दीर्घ उपासमारीत टी-पेशींची संख्या व जोम दोन्ही घटतात. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांना काही महिने तांदूळ, डाळ व सूक्ष्मपोषके पुरवली गेली. त्यांच्यात नव्या क्षयरोगाचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी आढळले. हे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा दंडावरच्या व्रणाइतकेच मुलांच्या डब्याकडेही आपले लक्ष असावे.