सिंथेसायझर आणि परंपरेची बैठक

सिंथेसायझर म्हणजे विजेच्या साहाय्याने ध्वनी घडवणारे वाद्य. त्यात तार, कातडे किंवा भात्यातील हवा कंप पावत नाही, तर विद्युत्-मंडलात निर्माण झालेले किंवा आधी ध्वनिमुद्रित करून साठवलेले तरंग वादकाने पट्टी दाबताच ऐकू येतात. महाराष्ट्रात हे वाद्य कीबोर्ड या नावाने, किंवा एका उत्पादकाच्या नावावरून सरसकट ‘कॅसिओ’ म्हणून ओळखले जाते, आणि लग्नाच्या ऑर्केस्ट्रापासून बेंजो पार्टीपर्यंत ते रुळलेले असले, तरी ख्यालाच्या मैफलीत, संगीत बारीत किंवा वारकरी भजनात त्याच्या वादकाला साथीदाराचा मान सहजासहजी मिळत नाही. या नकारामागे विजेचे वावडे आहे असे मानता येत नाही, कारण इलेक्ट्रॉनिक तानपुरा हे पूर्णपणे विजेवर चालणारे यंत्र त्याच मैफलीत गायकाच्या मागे निमूटपणे स्वीकारले गेले आहे. मात्र ते यंत्र षड्जाचा आधार देऊन थांबते आणि रागविस्तारात बोलण्याचा हक्क मागत नाही, तर कीबोर्डवादक तो हक्क मागतो.

हा हक्क यापूर्वी मागणारे परके वाद्य म्हणजे पेटी. एकोणिसाव्या शतकात युरोपातून आलेल्या हार्मोनियमला कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हाताने भाता मारण्याचे सुटसुटीत रूप दिले, मराठी संगीत रंगभूमीने तिला आणि पायपेटीला आपलेसे केले, गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकाने तिला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली. आणि तरीही १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली, जी १९७१ पर्यंत उठली नाही. आक्षेप निराधार नव्हता. पेटीच्या पट्ट्यांचे स्वर आधीच बांधलेले असतात, त्यामुळे दोन स्वरांमधील अखंड घसरण, म्हणजे मींड, तिच्यावर निघत नाही, आणि रागानुसार किंचित चढणारा वा उतरणारा कोमल गंधार तिच्या एकाच पट्टीत मावत नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज न्यायाधीश क्लेमेंट्स यांनी बावीस श्रुतींची पेटी घडवून यावर तांत्रिक तोड काढली, पण ती प्रचारात आली नाही. पेटीला बैठकीत स्थान मिळाले ते गायकाच्या श्वासाबरोबर थांबणाऱ्या, त्याची जागा न अडवता ती भरून काढणाऱ्या अप्पा जळगावकर, गोविंदराव पटवर्धन, तुळशीदास बोरकर यांच्यासारख्या साथीदारांमुळे.

गंमत अशी की ज्या उणिवेमुळे पेटी अडली, ती सिंथेसायझरला नाही. त्याच्या ‘पिच बेंड’ या चाकाने किंवा दांड्याने वाजत असलेला स्वर सलग वर-खाली सरकवता येतो, आणि त्याच्या अनेक प्रकारांमध्ये प्रत्येक पट्टीचा स्वर सूक्ष्म अंतराने बदलूनही घेता येतो. अभिजित पोहनकर यांनी कीबोर्डवर रागसंगीत वाजवून ही शक्यता मराठी श्रोत्यांसमोर ठेवली आहे. त्यापूर्वी, १९८२ मध्ये, मुंबईच्या चित्रपटवाद्यवृंदातील चरणजित सिंग यांनी रोलँड कंपनीच्या तीन यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बांधून तबकडी काढली. ती येथे दुर्लक्षित राहिली आणि पुढे, २०१० मधील पुनर्प्रकाशनानंतर, परदेशातील नृत्यसंगीताच्या जाणकारांनी तिला डोक्यावर घेतले. मींड साधली म्हणजे मान्यता मिळाली, असे समीकरण मांडता येत नाही, हे यावरून दिसते.

लोकसंगीतात प्रश्न निराळा आणि अधिक बोचरा आहे. १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटात कल्याणजी वीरजी शहा यांनी क्लॅव्हियोलिन या सिंथेसायझरच्या पूर्वज वाद्यावर पुंगीचा आवाज काढला, आणि तो इतका लोकप्रिय झाला की गारुड्याची खरी पुंगीच अनेकांना त्यापुढे फिकी वाटू लागली. आज एका कीबोर्डात सनई, क्लॅरिनेट, बासरी आणि ढोलकीचे ठेकेही साठवलेले असतात. ते आवाज कोणा हाडामासाच्या वादकाच्या हातून आणि फुंकेतून घेतलेले असतात, पण सुपारी ठरवताना त्या वाद्यांच्या माणसांना वगळणे आयोजकाला स्वस्त पडते. म्हणून ढोलकीवाल्याची नाराजी हा सनातनीपणा नव्हे, ती पोटाची आहे, आणि तिला जुनाट म्हणून हिणवणाऱ्यांनी हा हिशेब टाळलेला असतो. शिवाय लावणीत ढोलकी नाचणारीच्या पावलाकडे पाहून लय ओढते, तोडा लांबवते, समेवर तिची वाट पाहते. यंत्रातला आवर्ती ठेका मात्र कोणाकडेही पाहत नाही, आणि नाचणारीलाच त्याच्यामागे धावावे लागते.

कीबोर्डवादकांमध्ये ज्यांना ही बोच कळली आहे, ते साथीला बसताना यंत्रातील ठेका बंद ठेवतात, ढोलकी-पखवाजाची जागा त्यांच्या माणसांकडेच राहू देतात, सनईवाला हजर असेल तेव्हा सनईचा आवाज लावत नाहीत, आणि पेटीवाल्याप्रमाणे गायकाच्या तोंडाकडे पाहून वाजवतात. असे वादक थोडे आहेत, कारण यंत्र विकतानाच त्याची सोय हा त्याचा मुख्य गुण म्हणून सांगितला जातो आणि ती सोय सोडून देण्याची तालीम शिकवणारा गुरू कीबोर्डाला अजून फारसा लाभलेला नाही. पेटीची मंडळी मात्र नाटक कंपन्यांत आणि गायकांच्या घरी वर्षानुवर्षे साथ करीतच ही तालीम घेत आली.