पेरुजियाचा खटला: नेमकं चुकलं कुठे?

इटलीतल्या पेरुजिया शहरात १ नोव्हेंबर २००७च्या रात्री मेरेडिथ कर्चर या ब्रिटिश विद्यार्थिनीचा खून झाला. संशय गेला तो तिच्याच घरात राहणाऱ्या अमांडा नॉक्स या अमेरिकन तरुणीवर आणि तिचा मित्र राफाएले सोलेचितोवर. २००९ मध्ये दोघांना शिक्षा, २०११ मध्ये सुटका, २०१४ मध्ये पुन्हा शिक्षा आणि अखेर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून निर्दोष मुक्तता. रुडी गेडे या तिसऱ्या माणसावरचा गुन्हा वेगळ्या खटल्यात आधीच सिद्ध झाला होता.

एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला कसा, अशी अमेरिकेत ओरड झाली. ती फारशी टिकत नाही. इटलीत सर्वोच्च न्यायालयाचा शब्द येईपर्यंत खटला संपतच नाही. सुटकेविरुद्ध सरकार पक्ष अपील करू शकतो, आणि आपल्याकडेही करतोच.

खरी खोट होती तपासात. मेरेडिथच्या अंतर्वस्त्राचा हूक उचलला गेला तो खुनानंतर तब्बल ४६ दिवसांनी. तोवर खोलीत माणसांची ये-जा होऊन तो जागचा हललाही होता. त्यावरच्या डीएनएची काय किंमत धरायची? शिवाय रात्री उशिरापर्यंत चाललेल्या चौकशीत नॉक्सजवळ वकील नव्हता. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २०१९ मध्ये यावर बोट ठेवून इटलीला भरपाई द्यायला लावली.

त्याच चौकशीत तिने आपल्या बारमालकाचं नाव घेतलं, आणि तो निरपराध माणूस सुमारे दोन आठवडे तुरुंगात बसला. अमेरिकेतल्या चर्चेत त्याची फारशी आठवण निघत नसे. त्या खोट्या आरोपाबद्दलची नॉक्सची शिक्षा मात्र २०२५ मध्येही इटलीच्या न्यायालयाने कायम ठेवली.