बटाट्यातली काळी फुली

बटाटा चिरला की सुरीच्या पात्यावर पांढुरका थर वाळतो. तो खरवडायचा, पाण्याच्या थेंबात कालवून काचपट्टीवर घ्यायचा आणि वर कव्हरस्लिप ठेवायची. सूक्ष्मदर्शकाच्या दहा पटींच्या भिंगाखाली स्टार्चचे कण नदीतल्या गुळगुळीत गोट्यांसारखे दिसतात, काही वाटोळे, काही अंडाकृती. आता बंद पडलेल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरची पोलरॉइड फिल्म सोलून तिचे दोन तुकडे करायचे, एक काचपट्टीखाली आणि दुसरा नेत्रिकेवर. वरचा तुकडा हलक्या हाताने फिरवत गेलं की सगळं अंधारतं आणि त्या काळोखात एकेक कण पणतीसारखा उजळतो. प्रत्येकावर एक काळी फुली.

ही फुली पहिल्यांदा दिसली तेव्हा मी आईला हाक मारली. तिने एक डोळा मिटून आत पाहिलं आणि म्हणाली, ‘‘नुसतं काळं दिसतंय रे.’’ तिचा डोळा भिंगाच्या बरोबर मध्यावर येत नव्हता. मग मोबाइलचा कॅमेरा नेत्रिकेपासून बोटभर वर धरला, गोल उजेड पडद्यावर पूर्ण भरेपर्यंत खाली-वर केला आणि फोटो काढला. तो मात्र तिने हातात धरून कितीतरी वेळ पाहिला. सूक्ष्मदर्शकात एका वेळी एकालाच बघता येतं. फोटोमुळे तेच दृश्य घरभर जातं, म्हणून मला हा छंद जडला.

आपण पाहिलेलं दुसऱ्याला दाखवायचं कसं, ही अडचण सूक्ष्मदर्शकाइतकीच जुनी आहे. डेल्फ्टच्या आंतोनी व्हान लेवेनहूक या कापडव्यापाऱ्याने 1676 साली पाण्यातल्या सूक्ष्म जिवांबद्दल लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहिलं, तेव्हा तिथल्या विद्वानांचा विश्वास बसेना. शेवटी त्याने, काही धर्मोपदेशक धरून, आठ जणांच्या लेखी साक्षी पाठवल्या. त्याला स्वतःला चित्र नीट जमत नसे, त्यासाठी त्याने चित्रकार लावला होता. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकचा हात मात्र चांगला होता. 1665च्या ‘मायक्रोग्राफिया’ या पुस्तकात त्याने काढलेली पिसू इतकी मोठी छापलेली आहे की पानाची घडी उलगडून बघावी लागते. एखादी वस्तू निरनिराळ्या उजेडात, निरनिराळ्या बाजूंनी पुन्हा पुन्हा पाहिल्याशिवाय आपण रेखाटायला बसत नाही, असं त्याने प्रस्तावनेत सांगितलं आहे.

फोटो काढणाऱ्यालाही हेच करावं लागतं. भिंग जितकं जोरदार, तितकी एका वेळी स्पष्ट दिसणारी खोली कमी. 40 पटींच्या भिंगाला जेमतेम एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जास्वंदीचा परागकण शंभर मायक्रॉनच्या वर भरतो. दहा पटींच्या भिंगाखालीही त्या काटेरी चेंडूचा वरचा काटा स्पष्ट केला की कडेचे काटे धूसर होतात. म्हणून फाइन फोकसचा स्क्रू केसभर फिरवायचा, फोटो घ्यायचा, पुन्हा फिरवायचा. असे तीस-चाळीस फोटो संगणकावर एकमेकांवर रचले की प्रत्येकातला स्पष्ट भाग तेवढा उचलला जातो आणि अख्खा चेंडू उभा राहतो. याला ‘फोकस स्टॅकिंग’ म्हणतात. हूक हे काम डोळ्यांनी आणि पेन्सिलीने करत होता.

जिवंत जिवांना ही युक्ती लागू पडत नाही. कुंडीखालच्या बशीत साचलेल्या पाण्यात व्होर्टिसेला सापडतो. देठावर डुलणारी काचेची घंटाच ती. टेबलाला नुसता धक्का लागला तरी देठ स्प्रिंगसारखा वेटोळं होऊन घंटा खाली ओढतो, डोळ्याची पापणी लवायच्या आत. दोनशे फोटोंत दोन बरे येतात. भराभर पोहणाऱ्यांसाठी थेंबात कापसाचे चार तंतू टाकले की ते त्या कुंपणात अडकून जरा सावकाश होतात. माझ्या हातून एकदा घाईत 40 पटींचं भिंग कव्हरस्लिपवर टेकलं, काच तडकली आणि आतलं सगळं जग वाहून गेलं. भिंग आणि काच यांत अर्ध्या मिलिमीटरएवढीच जागा उरते. तेव्हापासून मी बाजूने बघत भिंग काचेजवळ आणतो आणि मग नेत्रिकेतून बघत, दूर नेत नेत फोकस करतो.

साधनाचं म्हणाल तर, मेरठमध्ये जन्मलेल्या मनू प्रकाश यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार केलेला कागदी घडीचा फोल्डस्कोपही 140 पटींनी मोठं दाखवतो. अंबाल्याहून येणारा शाळेतला सूक्ष्मदर्शक त्याहून पुष्कळ पुढचा. जाहिरातीतल्या ‘2000 पट’वर मात्र जाऊ नये. प्रकाशाची लहर स्वतःच सुमारे अर्ध्या मायक्रॉनची असते, त्याहून फार बारीक तपशील साध्या प्रकाशात सुटा दिसूच शकत नाही. हजारेक पटींच्या पुढे चित्र फुगतं, नवं काही दिसत नाही. पैसे घालायचेच तर चांगल्या भिंगात घालावेत आणि उरलेले कष्ट उजेड जुळवण्यात.

या फोटोंच्या जागतिक स्पर्धा होतात, निकॉनची ‘स्मॉल वर्ल्ड’ 1975पासून चालू आहे. तिथली चित्रं डोळे दिपवतात. पण मला वहीतली नोंद फोटोइतकीच महत्त्वाची वाटते: पाणी कुठलं, महिना कोणता, भिंग कोणतं. त्याच भिंगाखाली प्लास्टिकच्या पट्टीवरच्या दोन रेघांचा फोटो काढून ठेवला की मोजमाप कळतं. रंग संगणकावर भरले असतील तर तेही सांगावं. एवढं नसेल तर ते चित्र भिंतीवर शोभेल, साक्ष म्हणून उभं राहणार नाही.

बटाट्यातली फुली मात्र खरी असते. कणातले स्टार्चचे रेणू मध्यापासून बाहेर, छत्रीच्या काड्यांसारखे रचलेले असतात. पहिल्या फिल्ममधून एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश वर येतो. कणातून जाताना त्याची दिशा बदलते, म्हणून तो दुसऱ्या फिल्ममधून निसटतो आणि कण उजळतो. ज्या काड्या फिल्मच्या दिशेला समांतर किंवा काटकोनात असतात तिथे प्रकाश आहे तसाच राहतो आणि अडतो. तीच फुली. पाणी साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापलं की कण फुगतात, रचना मोडते आणि फुल्या एकेक करून विझतात. उकडलेल्या बटाट्याचा फोटो काढला तर तिथे नुसता काळोख.

हे दोन्ही फोटो मी आईला शेजारी शेजारी ठेवून दाखवले. आता कुकरचं झाकण काढताना ती विचारते, ‘‘गेल्या का रे फुल्या?’’